डावऱ्या हाताचा वरवंटा

आमच्या आईला राग आला की ती मालवणीत बोलते आणि राग उतरला की मुंबईच्या मराठीत येते. त्यामुळे भाचीच्या पाचवीच्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून “ह्यो आमचो न्हय!” अशी आरोळी आली, तेव्हा मी ऑफिसची पर्ससुद्धा खाली न ठेवता आत धावले. मला वाटलं, दवाखान्यात मूल बदललं की काय.

मूल आमचंच होतं. लता वहिनीच्या मांडीवर मूठ चोखत पडलं होतं आणि वहिनी भेदरून सासूकडे बघत होती. आई पाट्यासमोर बसली होती. पाटा धुऊन, पुसून मांडलेला, हळदकुंकू, तांदूळ, फुलं सगळं तयार, आणि वरवंटा आईच्या दोन्ही हातांत.

“वरवंटो बदलल्यान कोणीतरी,” ती म्हणाली.

“आई, दगड आहे तो,” दादा म्हणाला. आमचा दादा, म्हणजे चंद्रप्रकाश, टेलिफोन खात्यात आहे आणि जगातल्या सगळ्या बिघाडांवर त्याच्याकडे उत्तर असतं. “दगड कोण कशाला बदलेल? पूजा कर ना. देवीला काय कळतंय?”

“देवीक कळो नाय तर नाय. माका कळता.”

आईचं म्हणणं कळायला आमची आजी माहीत असायला हवी. सोनूबाई तिचं नाव, माझ्या वडलांची आई. लग्न होऊन परळच्या खोलीत आली ती बोटीनं, आणि येताना घरचा वरवंटा कांबळ्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आली. पाटा मागाहून नेऊ असं सासऱ्यांनी सांगितलेलं, पण वरवंटा तिनं कुणाच्या हातात दिला नाही, कारण तो तिच्या सासूचा होता. आजी डावरी होती. सगळा जोर डाव्या हातात, त्यामुळे वरवंट्याचं डावं टोक झिजून उजव्यापेक्षा बारीक झालेलं. आई लग्न होऊन आली, ती उजव्या हाताची. पहिले काही महिने तिच्या मनगटाची वाट लागली. मग हळूहळू तिचा हात त्या दगडाप्रमाणे वळला. आई अजून सांगते की सासूनं आपल्याला काही शिकवलं नाही, जे शिकवलं ते त्या दगडानं.

आणि बारसं. आमच्याकडे मुलाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला न्हाऊ घालतात, कुंची घालतात आणि पाळण्याखालून एका बाईच्या हातातून दुसरीच्या हातात देतात, वरून परत घेतात. “गोविंद घ्या कुणी, गोपाळ घ्या कुणी” म्हणत. दगडासारखं मूल टणक व्हावं म्हणून. माझे बाबा, माझे काका, दादा, मी, सगळे त्या डावऱ्या दगडाच्या पाठोपाठ पाळण्यात शिरलो. आता पहिली नात झाली होती आणि हातात भलताच दगड आला होता. तो चांगला गुळगुळीत होता, काळाभोर होता, दोन्ही टोकांना सारखा होता. तोच तर त्याचा दोष.

“पण तुला आजच कसं कळलं?” मी विचारलं.

याला कारण मिक्सर. परळची खोली सोडून आम्ही मुलुंडला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि पाट्यावर वाटू नका, आमच्या छताचे पोपडे पडतील असं आधीच बजावून गेल्या. दादानं दुसऱ्या दिवशी मिक्सर आणला. पाटा-वरवंटा जसा बांधून आला होता तसा गोणपाटात माळ्यावर गेला. आई दोन वर्षं मिक्सरला नावं ठेवत मिक्सरमध्येच वाटत होती.

“खोली सोडली तेव्हा सामान कोणी बांधलं?” बाबांनी विचारलं. बाबा, गुणाजी, गिरणीत असताना फार बोलायचे. संपानंतर आता औषधांच्या कंपनीत रखवालदार आहेत आणि मोजकं बोलतात.

आईनं गोणपाटातून निघालेलं फडकं हातात घेतलं. हिरव्या लुगड्याचा तुकडा होता, काठ विटलेला.

“मालननं,” ती म्हणाली. म्हणजे मराठीत आली. राग उतरला नव्हता, पण काळजी लागली होती.

मालनमावशी म्हणजे परळला आमच्या शेजारची. साताऱ्याकडची. तिचा नवरा लवकर गेला, एकच मुलगा, सीताराम, आमच्या दादाच्या वयाचा, बाबांच्याच गिरणीत लागलेला. संप लांबत गेला तेव्हा आमच्या दोन घरांत एक चूल पेटायची. एका पाट्यावर तिचा आणि आमचा मसाला वाटला जायचा, कधी तिच्या, कधी आमच्या. संपाच्या दुसऱ्या वर्षी सीतारामला कावीळ झाली. अंगावर काढली, आणि गेला. त्याचं लग्नही व्हायचं होतं. मला सख्ख्या भावासारखा होता तो, माझी वेणी ओढणारा. त्यानंतर आम्ही मुलुंडला आलो आणि मालनमावशी घाटकोपरला, भटवाडीत, आपल्या भावाच्या, दादूमामाच्या आश्रयाला गेली. येऊ-जाऊ म्हणालो होतो. गेलो नाही. मुलुंड ते घाटकोपर किती लांब आहे म्हणून?

“चुकून बदलला असेल,” आई म्हणाली. “तिचाही गॅलरीतच होता ना त्या दिवशी. रविवारी जाऊ या. आपला तिच्याकडे असणार.”

सोयर फिटेपर्यंत कुणाच्या घरी जायचं नसतं, हे आम्हाला आईनंच शिकवलेलं. ते ती त्या रविवारी सोयीस्कर विसरली. मी आणि ती बसनं निघालो. पिशवीत तो परका वरवंटा. कंडक्टरचा पाय पिशवीवर आपटला तेव्हा तो कळवळून म्हणाला, “काय बाई, दगडं घेऊन कुठं मोर्चाला निघालात?” आई म्हणाली, “बारशाला.” तो पुढे सरकला.

भटवाडीतल्या पायऱ्या चढताना आई दोनदा थांबली. दम लागला म्हणून थांबली की आत गेल्यावर काय बोलायचं हे ठरवत होती, कोण जाणे. मालनमावशीची खोली दादूमामाच्या घराला लागूनच, पत्र्याची, पण लख्ख सारवलेली. दार उघडं होतं. ती पाट्यावर ओली मिरची वाटत होती आणि तिच्या हातात आमचा वरवंटा होता. मलासुद्धा ओळखू आला. डावं टोक बारीक.

आम्हाला बघून तिचे हात थांबले. मग ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. बारीक झाली होती फार. “जानके,” एवढंच म्हणाली आणि आईला मिठी मारली. मग “शुभे” म्हणत मला. मिरचीचा झणका डोळ्यांत जाऊन माझे डोळे वाहायला लागले. निदान मी तरी त्या दोघींना तसंच सांगितलं.

चहा झाला. पोरगी झाली, वजन किती, डोळे कुणासारखे, सगळं झालं. आईनं पिशवीतून वरवंटा काढून पुढे ठेवला.

“चुकून बदलला बघ,” ती हसून म्हणाली. “माझ्याही आता दोन वर्षांनी लक्षात आलं. म्हटलं, बारशाला आपला हवा, आणि तुझा तुला दिला पाहिजे.”

मालनमावशीनं आपल्या दगडाकडे बघितलं. हात लावला नाही.

“चुकून न्हाय, जानके,” ती म्हणाली. “म्याच बदलला.”

आई हसायची थांबली.

“तू सामान बांधायला बोलवलंस तवा मनात आलं. आधी न्हवतं आलं. ह्यो माझ्या सासूनं पाळण्याखालनं माझ्या हातात दिलावता, शितारामाच्या बारशाला. तिच्या हातात तिच्या सासूनं. आता म्या कुणाच्या हातात देऊ? माझ्या माघारी दादूची पोरं दाराला टेकण लावतील, न्हायतर मोरीत ठेवतील पाय घासाया. त्यांचं तरी काय चुकतंय? दगडच हाय.” तिनं नाक पुसलं. “तुझ्या घरात चंदरचं लगीन व्हणार, पाळणा हलणार, हे दिसत हुतं. म्हटलं, आमच्या घरचा दगड एकडाव पाळण्याखालनं जाऊ दे. तुला कळलं नसतं तर कुणाचं काय बिघाडलं असतं?”

“माका कळला,” आई म्हणाली.

“व्हय. तुझ्या हाताला कळनार, ते माझ्या ध्यानातच न्हाय आलं.”

मला वाटलं होतं, आता आई तिला जवळ घेईल. मी असते तर घेतलं असतं. पण आईचा चेहरा घट्ट झाला.

“माझ्या सासूचो हात असा ह्येच्यार,” ती म्हणाली. “तिच्या सासूचो असा. माझ्या नातीक तो लागाक नको? तुझो पयलो लागाक व्हयो, आणि माझ्या घरच्यांनी काय करूचा? माका इचारूचा तरी.”

“इचारलं असतं तर दिलं असतंस?”

आईनं पदर खोचला. पाट्यावरून आमचा वरवंटा उचलला, मालनमावशीच्या बादलीतल्या पाण्यानं मिरची धुतली आणि तो ओलाच पिशवीत घातला. मालनमावशी दारापर्यंत आली. पायऱ्या उतरताना मी मागे वळून बघितलं. ती आमच्याकडे बघत नव्हती. खाली बसून तिनं आपला दगड उचलला होता आणि तो मांडीवर घेऊन नुसती बसली होती.

बसमध्ये मी आईकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसले. मला तिचा राग आला होता आणि तो मी लपवलाही नाही. बाईचं सगळं गेलं, एक दगड पाळण्याखालून जावा एवढंच तिला हवं होतं, त्यात आपली काय इस्टेट बुडत होती? पण खरं सांगायचं तर आईचंही मला कळत होतं. माझी आजी मी चार वर्षांची असताना वारली. तिचा फोटो नाही, दागिना नाही, गावच्या घरात वाटा नाही. त्या झिजलेल्या टोकाएवढीच ती उरली आहे.

घरी येऊन आईनं खालच्या बाईंची पर्वा न करता पाट्यावर खोबरं वाटलं. खुर्र-खुर्र आवाज इमारतभर गेला. तिचं मनगट बरोबर त्या वळणानं फिरत होतं. वाटण गंधासारखं झालं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

“माझ्या आईचोच आवाज,” ते म्हणाले आणि बाहेर गेले.

वरवंटा मिळाला होता, बारशाची तयारी झाली होती, तरी आईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं. वहिनीच्या शेपूच्या भाजीत तर पडलंच नाही. वहिनी बिचारी गुपचूप खात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा आई माझा डबा भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “सुटल्यावर भटवाडीत जाऊन ये. मालनला म्हणावं, बारशाला ये.”

“आणि?”

“आणि हात हलवत येव नको म्हणून सांग. तिका कळात.”

तिला कळलं. मी निरोप सांगितला तेव्हा तिनं दोनदा विचारलं, “जानकीच म्हणाली ना? तू तुझ्या मनानं न्हाय ना सांगत?”

बारशाला आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. इमारतीतल्या बायका, वहिनीच्या माहेरची माणसं चिपळूणहून आलेली, आणि आमची सुगंधामावशी, आईची धाकटी बहीण, जिला आमंत्रण नसलं तरी सगळ्या कार्याची सूत्रं तिच्याकडेच असतात. मालनमावशी आली आणि दाराजवळच्या कोपऱ्यात पिशवी पोटाशी धरून बसली. आईनं तिच्याकडे बघून मान हलवली, बस्स.

पाळणा सजला. आईनं आमच्या वरवंट्याला न्हाऊ घातलं, कुंची घातली, कुंकू लावलं. मग कोपऱ्याकडे बघून म्हणाली, “मालन, काढ तुझा.”

मालनमावशीनं पिशवीतून दगड काढला. घरून न्हाऊ घालूनच आणला होता. बारीक टाके घालून शिवलेली पिवळी कुंची त्याला घातली होती आणि ती नवी होती. आईनं तो घेऊन पाळण्याशेजारी आमच्या वरवंट्याजवळ ठेवला.

“दोन-दोन कशाला गं ताई?” सुगंधामावशी म्हणाली.

“आहेत म्हणून. तू त्या बाजूला नको बसू. मालन बसेल. मी इकडून देते, ती तिकडून घेईल.”

सुगंधामावशीनं आवाज खाली आणला, पण तिचा खाली आणलेला आवाजही रस्त्यापर्यंत जातो. “ताई, पहिलं बारसं आहे. लेकुरवाळी सवाष्ण बसव की. तिचं असं… कळतं ना तुला.”

ते सगळ्यांनी ऐकलं. मालनमावशीनं तर आधीच ऐकलं होतं, कुणी बोलायच्या आधीच. ती मागे सरकत म्हणाली, “खरं हाय त्यांचं. म्या कशाला? माझा हात नगं पाळण्याला. तुम्ही द्या, म्या हितनं बघते. एवढं केलंस तेच लई झालं, जानके.”

आईनं कंबरेवर हात ठेवले. मी मनात म्हटलं, आता मालवणी येणार.

“काय गो,” आई म्हणाली, “तुझो फातर, हो वरवंटो, दोन वर्सां माझ्या घरात ऱ्हवलो. चंद्याचा लगीन झाला, पोर झाला, सगळा बरा झाला. तुझो फातर चलता आणि तुझो हात चलणा नाय? ये हयसर. पोर भुकेला झाला हा.”

लता वहिनी, जी आमच्या घरात तोवर सासूपुढे कधी तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली, “मावशी, या ना. बसा.” आणि स्वतः बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

मालनमावशी बसली. आधी आमचा दगड गेला, आईच्या हातातून पाळण्याखालून मालनमावशीच्या हातात, आणि वरून परत. मग तिचा. आईनं खालून दिला, “गोविंद घे गं.” तो मालनमावशीच्या हातात आला आणि तिथंच थांबला. तिनं तो छातीशी धरला. कुंचीची नाडी सुटली होती ती तिनं नीट बांधली. बायका थांबल्या. सुगंधामावशीसुद्धा थांबली. आईनं वरून दोन्ही हात पुढे केले होते आणि ते तसेच धरून ठेवले, घाई केली नाही.

“गोपाळ घे, जानके,” मालनमावशी शेवटी म्हणाली आणि दगड आईच्या हातात दिला.

मग मी, आत्या म्हणून, पोरीच्या कानात कुर्र केलं. आजी सोनूबाई म्हणून नाव सोनाली. नवीनही झालं आणि जुनंही, त्यामुळे सगळे खूश.

घुगऱ्या वाटल्या, पेढे वाटले, माणसं पांगली. मालनमावशीनं आपला दगड पिशवीत घातला आणि निघाली. आईनं पिशवी तिच्या हातातून घेतली, तिचा दगड बाहेर काढून आमच्या पाट्यावर ठेवला आणि पिशवीत आमचा घातला.

“आई!” मी म्हटलं. “अगं, आजीचा…”

“माहीत आहे कुणाचा आहे ते.” मग ती मालनमावशीकडे वळली. “हा तू ने. वाटण तुझ्या हाताला आता यावरच चांगलं होत असणार, दोन वर्षं झाली. तुझा इथं राहील. उद्या लताला दुसरं होईल, शुभीचं लग्न होईल, तिला पोरं होतील. दर वेळी दोन्ही दगड लागतील. हा तुझ्याकडे असला की तुला यावंच लागेल.”

“आन् न्हाय आले तर?”

“तर बारसं नाही. पोर बिननावाचं फिरेल.”

मालनमावशी पिशवी धरून उभी राहिली. ती पदरानं डोळे टिपायला लागली. आईनंही डोळ्यांना पदर लावला, पण वाटेत उभ्या असलेल्या दादावर ओरडली, “बघतोस काय, रिक्षापर्यंत पिशवी ने तिची!”

दादानं पिशवी घेतली. मालनमावशी जिना उतरायला लागली, दोन पायऱ्या उतरली आणि परत वर आली. सरळ आत गेली, पोरीला पाजत बसलेल्या लता वहिनीसमोर उभी राहिली.

“पोरी,” तिनं विचारलं, “दुसरं कवा म्हणतीस?”

“अहो मावशी,” वहिनी म्हणाली, “अजून टाके नाही सुटले माझे!”

सगळे हसलो. मालनमावशीही हसली, तोंडाला पदर लावून. पण तिनं ते थट्टेत विचारलं नव्हतं. सीताराम गेल्यापासून पुढच्या दिवसाबद्दल तिनं काही विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलली नाही.